सेल्विनचे पाय

माझ्या धाकट्या बहिणीचा, ओरलिंडाचा, नवरा सेल्विन शेवंडं काढायला समुद्रात बुड्या मारायचा. किनाऱ्यावरच्या आमच्या मिस्किटो लोकांच्या वस्तीतले निम्मे पुरुष हेच करतात, इथे दुसरं आहे काय? पाठीवर हवेची टाकी बांधून खाली जायचं, आकड्याने शेवंड ओढायचं, वर यायचं, पुन्हा जायचं. सेल्विन अंगाने दांडगा होता. रविवारी चर्चमध्ये तो गायला लागला की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या मान वळवून बघायच्या. ओरलिंडा त्या आवाजावरच भाळली होती.

एकदा बोट ठरल्या दिवसाच्या आधीच परत आली. धक्क्यावर आम्ही धावलो, तर दोघेजण सेल्विनला झोळीत घालून उतरवत होते. कंबरेखाली काहीच हलत नव्हतं.

"फार खोल गेला, घाईने वर आला," कॅप्टन म्हणाला. "मी काय करणार?"

"टाकीतली हवा संपली," सेल्विन हळूच म्हणाला. "हवा किती उरली ते दाखवणारा काटा बंद पडलाय म्हणून सांगितलं होतं तुला."

कॅप्टन दुसरीकडे बघायला लागला.

रक्तात धरलेले हवेचे बुडबुडे विरावेत म्हणून शहरातल्या दवाखान्यात त्याला हवेच्या दाबाच्या खोलीत ठेवलं, पण उशीर झाला होता. घरी आणला तो खाटेवरच. ओरलिंडाच्या सासूबाई, एर्मिना आजी, छाती बडवत म्हणाल्या, "समुद्रातल्या बाईने धरलंय माझ्या लेकाला. तिची शेवंडं काढलीत ना! जाणत्याला बोलवा, पाला जाळूया."

"कुणी काही जाळणार नाही," ओरलिंडा म्हणाली. "मी प्रभूकडे मागितलंय. ईस्टरच्या आत चालेल तो."

माझ्यासमोर ती हे इतक्या खात्रीने बोलायची की मलाच भीती वाटायची. तिने उपास धरले. चर्चच्या भगिनी मंडळाला रोज घरी बोलावून प्रार्थना करवल्या. सेल्विनच्या पायांना खोबरेल चोळताना बोटं हलली का, म्हणून टक लावून बघत बसायची. ईस्टर आला. आमच्या रिवाजाप्रमाणे आम्ही पहाटे कबरस्तानात गाणी म्हणायला गेलो, ती आली नाही. परत येताना मी डोकावले तर पायाशी बसून चोळतच होती.

त्यानंतर चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले. चांगला माणूस, पण तोंडात ठरलेली वाक्यं. म्हणाले, "बाई, देवाची इच्छा आपल्याला कळत नाही. स्वीकारायची असते."

ओरलिंडा ताडकन उठली. "काटा बंद होता, साहेब. बोटीच्या मालकालाही माहीत होतं. तो देवाने बंद पाडला का? मालकाची हावरी इच्छा देवाच्या नावावर कशाला घालता?"

पाळकसाहेबांचा चेहरा पडला. मी तिचा हात धरला, तिने झटकला.

"ओरलिंडा," खाटेवरून सेल्विन म्हणाला, "साहेबांना केळ्याची पेज तरी दे. शिव्या खाऊन पोट भरतं का कुणाचं?"

पाळकसाहेबच आधी हसले. मग खुर्ची खाटेजवळ ओढून बसले आणि म्हणाले, "ती बरोबर बोलली रे. मला उत्तर येत नाही." त्यानंतर ते दर आठवड्याला यायचे. बोलायचे कमी. सेल्विन जाळी विणायचा, ते बाजूला बसून सूत गुंडाळून द्यायचे.

सेल्विन सुरुवातीला भिंतीकडे तोंड करून रडायचा, हे मला ओरलिंडाने सांगितलं. पण पुढे त्याच्यात काहीतरी निवलं. मला बघितलं की म्हणायचा, "या मेव्हणीबाई, पळून जाणार नाही मी, निवांत बसा." एकदा भगिनी मंडळाची प्रार्थना चालली होती. बायका मोठमोठ्याने पाय मागत होत्या. तो मध्येच म्हणाला, "बायांनो, पायांचं राहू द्या आता. त्या मालकाची आठवण आली की माझ्या पोटात आग पडते. ती विझू दे, एवढं मागा. आणि ओरलिंडाला झोप लागू दे."

ओरलिंडा उठून मागच्या दारी गेली. मी मागोमाग गेले.

"त्याने आशा सोडली, ताई," ती म्हणाली.

"सोडली नाही गं," मी म्हणाले.

पावसाळ्यात, खाटेवर पडून पडून त्याच्या पाठीवर झालेली जखम चिघळली. ताप चढला. खाडी ओलांडून दवाखान्यात न्यायचं तर पाणी इतकं उसळलं होतं की कुणी होडी सोडेना. तरी आम्ही त्याला धक्क्यावर आणलं. पत्र्याच्या आडोशाला झोपवलं आणि वारा पडायची वाट बघत बसलो. पाळकसाहेब होडीवाल्याच्या अक्षरशः पाया पडले. तो बिचारा रडकुंडीला येऊन म्हणाला, "सगळेच बुडू, साहेब."

ओरलिंडाने सेल्विनचं डोकं मांडीवर घेतलं होतं. "काय मागू रे? सांग ना, काय मागू मी प्रभूकडे?"

"काही मागू नकोस आता," तो म्हणाला. "बस माझ्याजवळ. तोही बसलाय."

"मग वारा का नाही पाडत तो?"

सेल्विनने डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. "मला नाही माहीत गं. पण हात सोडलेला नाही त्याने. मला कळतंय ना."

दुपारी वारा पडला. होडीवाला धावत आला. तोवर सेल्विन गेला होता.

दफनाच्या वेळी पाळकसाहेब पुस्तक हातात धरून नुसते उभे राहिले, मग मंडळीने आपणच गाणं उचललं. खालचा सूर रिकामाच राहिला, तो सेल्विनचा होता. ओरलिंडाने एर्मिना आजींना घट्ट धरलं होतं. त्या दोघी पूर्वी एकमेकींशी धड बोलतही नसत.

पुढे कितीतरी महिने ओरलिंडा चर्चला यायची, पण तोंड उघडायची नाही. प्रभूच्या प्रार्थनेत, तुझ्या मनासारखं होऊ दे, असं सगळे म्हणायचे तेव्हा ती ओठ दाबून बसायची. "खोटं नाही बोलवत, ताई," म्हणायची. "येते, कारण जायला दुसरीकडे कुठे आहे?"

मग शेजारच्या वस्तीत रोसाउराच्या नवऱ्याला तसंच झोळीतून आणलं. बातमी कळल्यावर ओरलिंडाने जुनी चादर आणि खोबरेल घेतलं. मीही सोबत गेले. रोसाउरा दारातच तिच्या गळ्यात पडली. "माझा चालेल ना गं? देवाच्या मनात काय आहे? तू सांग, तुला कळलं असेल."

ओरलिंडाने तिला जवळ घेतलं. "नाही कळलं मला," ती म्हणाली. "देव सोडून गेला नाही, एवढंच सेल्विन म्हणायचा. चल, तुझ्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं ते दाखवते, नाहीतर पाठ सडेल."

तिने त्या माणसाला वळवलं, पाठ पुसली, घडी केलेली चादर गुडघ्यांमध्ये ठेवली. हात सराईत होते. तोंडाने पुटपुटत होती. जवळ गेले तेव्हा मला ऐकू आलं. ती देवाशी बोलत होती, सेल्विन गेल्यानंतर पहिल्यांदाच. "मला पटलेलं नाही," ती म्हणत होती. "कधी पटेल असंही वाटत नाही. तरी तुझ्याच हाती देते. याला सांभाळ. आणि माझा तिकडे आहे, त्यालाही."

घरी येताना वाटेत ती बांधावर बसली आणि इतकी रडली की मला तिला उठवता येईना. मीही तिच्याजवळ बसून राहिले.