श्रीहरीचं वजन

काट्यावर चढण्याआधी श्रीहरीनं चपला काढल्या. खिशातल्या किल्ल्या आणि मोबाइल कांताच्या हातात दिला, आणि मग शर्टही काढला.

"अजी, शर्टाचं काय वजन असते?" कांता म्हणाली. "लोक पाहून राह्यले."

"पाहू दे."

लियाकतभाईंच्या भंगाराच्या दुकानातला तो मोठा काटा. एका बाजूला कूलरचे गंजलेले पत्रे, दुसऱ्या बाजूला रद्दीचे गठ्ठे. मध्ये उघडा श्रीहरी, श्वास रोखून उभा.

"अरे, साँस तो छोड बाप्पा," लियाकतभाई म्हणाले. "हवेचे पैसे नाई लागत इथी." मग त्यांनी चष्मा वर करून आकडा पाहिला. "अठ्ठ्याऐंशी. मागच्या महिन्यात इकला असता तुले, तं जास्त भेटले असते."

श्रीहरी हसला. कांता हसली नाही. वजन उतरत होतं, म्हणजे ऑपरेशनचा दिवस जवळ येत होता. नवऱ्याचं पोट चिरणार, हे तिला दिवसा आठवायचं नाही. भाकरी थापताना आठवायचं, आणि मग भाकरी करपायची.

श्रीहरी चंद्रपूरच्या महानगरपालिकेत वॉल्वमन होता. पहाटे लांब लोखंडी चावी घेऊन गल्लोगल्ली जायचं, जमिनीतला वॉल्व फिरवायचा, पाणी सोडायचं, वेळ झाली की बंद करायचं. वीस वर्षं हेच. मोटरसायकल होती, खाण्यावर प्रेम होतं, पोट सुटलं होतं. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, त्यालाही नाही.

मग त्याची धाकटी बहीण हर्षा आजारी पडली. ती वडशाला दिलेली. तिच्या शरीरानंच तिचं लिव्हर खाल्लं, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. आता दुसऱ्याच्या लिव्हरचा तुकडा लावण्यावाचून इलाज नव्हता. तिचा नवरा गोपाल पहिला पुढे झाला, पण त्याचा रक्तगट जुळला नाही. माय वयानं बाद झाली. राहिला श्रीहरी. त्याचं रक्त जुळलं.

"पण तुमच्या लिव्हरवर चरबी आहे," डॉक्टर म्हणाले होते. "असा तुकडा तिला कामाचा नाही, आणि काढताना तुम्हालाही धोका आहे. दीड महिना देतो. तेल, साखर बंद. रोज घाम निघाला पाहिजे. दारू घेता?"

"आयुष्यात नाई सर."

"मग होईल. पण तिच्याकडे दीड महिन्याहून फार वेळ नाही, हे लक्षात ठेवा."

त्या दिवसापासून श्रीहरीनं मोटरसायकलला हात लावला नाही. लियाकतभाईंनी भंगारात आलेली एक सायकल चाकं बदलून दिली. चावी दांडीला बांधून तो पहाटे निघायचा. पठाणपुरा गेट, बिनबा गेट, जटपुरा गेट. काम संपलं की शहराभोवतीच्या परकोटाच्या भिंतीला धरून पुन्हा एक फेरी. मग रामाळा तलाव. मग तुकूमच्याही पुढे. एकदा दुर्गापूर रोडवर वनरक्षकानं काठी आडवी धरली.

"भाऊ, मांगं फिर. वाघीण बसून हाय रोडच्या कडेले."

"किती येळ बसन?"

वनरक्षक त्याच्याकडे पाहतच राहिला. "तिले इचारून येऊ का?"

श्रीहरी मागे फिरला, पण घरी आला नाही. जितका रस्ता राहिला होता तितका शहरातच फिरला. गेटाजवळचा पानठेलेवाला त्याला पुन्हा पुन्हा जाताना पाहून ओरडला, "काय हरवलं का भाऊ?"

खाण्याचं तर विचारू नका. ज्याला भेटावं त्याच्याकडे एक उपाय होता. शेजारणीनं दुधीचा कच्चा रस सांगितला. ऑफिसातल्या वामनरावांनी सूर्य मावळला की पाणीसुद्धा बंद, असं सांगितलं. लियाकतभाई म्हणाले, दुपारपर्यंत फक्त पपई. श्रीहरी कुणालाच नाही म्हणाला नाही. सकाळी रस, मग पपई, दुपारी अंबाडीची भाजी आणि ज्वारीची अर्धी भाकरी, संध्याकाळी काही नाही. घरात लाखोळीच्या डाळीला फोडणी पडली की तो उठून अंगणात जायचा.

"हे सारं एकाच माणसानं सांगतलं नव्हतं ना जी," कांता म्हणायची. "पाच जणायनं पाच सांगतले. तुमी पाचही करून राह्यले."

"यातलं कोनतं लागू होईन, तुले मालूम हाय का?"

"नाई."

"मले बी नाई. म्हणून पाचही."

रोज संध्याकाळी वडशाहून गोपालचा फोन यायचा. आज पोटात पाणी भरलं. आज डोळे हळदीसारखे झाले. आज पिंकीला, स्वतःच्या मुलीला, हर्षानं दुसऱ्याच नावानं हाक मारली. फोन ठेवला की श्रीहरी सायकल काढायचा.

एका रविवारी गोपाल स्वतः आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्यानं पिशवीतून सालीचे तुकडे काढले.

"धानोऱ्याकडं एक बुढी हाय, बुधरी नावाची. तिच्या हातचं हे. चरबी झाडून काढते म्हणे. दादा, मी तिथी दोन दिवस बसलो याच्यासाठी."

"डॉक्टरले इचारलं का?" कांतानं विचारलं.

"डाक्टर काय, पोट फाडाचंच सांगते. हर्षाले त्यायनं काईच द्याले मना केलं हाय, म्हणून तिले नाई देत. पण दादा तं बिमार नाई ना." त्यानं स्वतःच चुलीवर भांडं चढवलं. "बुढी म्हणे हप्त्यातून एक बार. म्या म्हटलं, माय, हप्ते मोजाले आपल्यापाशी येळ कुठी हाय? रोज घ्या दादा. सकाळी, अनशापोटी."

काढा काळा आणि इतका कडू होता की श्रीहरीच्या कानामागे घाम आला. गोपाल पेला रिकामा होईपर्यंत समोर उभा राहिला. मग खाली वाकून त्यानं श्रीहरीच्या पायाला हात लावला. जवायानं असं करायचं नसतं. श्रीहरीनं पाय मागे घेतले, पण तोवर झालं होतं.

तेव्हापासून श्रीहरी रोज काढा घेऊ लागला. काही दिवसांनी त्याला अन्नाचा वास नकोसा झाला. सायकलवर पाय जड पडू लागले. जटपुरा गेटाखाली एकदा उतरून भिंतीला टेकावं लागलं.

"आज काढा राहू द्या," कांता म्हणाली. "तुमचं तोंड पाह्यलं का आरशात?"

"उपाशी माणसाचं तोंड असंच असते."

"मले भेव वाटते जी."

"वजन उतरून राह्यलं ना? मंग?"

वजन उतरतच होतं. तपासणीच्या दिवशी तो ब्याऐंशीवर होता. लियाकतभाईंनी काट्यावरून उतरताना त्याचा हात धरला आणि या वेळी थट्टा केली नाही. "जा. अल्ला करे, सब ठीक," एवढंच म्हणाले.

नागपूरला हर्षाला आधीच भरती केलं होतं. आधी तपासणीला रक्त दिलं, लिव्हरचे फोटो काढले, मग श्रीहरी वर वॉर्डात गेला. ती पलंगावर इतकीशी दिसत होती. त्याला पाहून मात्र तिचा चेहरा उजळला.

"दादा, तू तं नवरदेव दिसून राह्यला. माह्या लगनात असा असता तं फोटोत मावला असता."

"बोल, बोल. बोलून घे."

"तुया तुकडा लागला तं मी बी तुयासारखी घोरीन का?"

"गोपालले इचार. त्याले चालन का?"

गोपाल भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता. तेवढ्यात खाली डॉक्टरांनी बोलावल्याचा निरोप आला.

डॉक्टरांनी श्रीहरीला एकट्यालाच आत घेतलं. समोर कागद होते. ते त्यांनी पुन्हा एकदा चाळले.

"चरबी गेली आहे," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही फार मेहनत घेतली. पण लिव्हरला सूज आली आहे, मोठी सूज. मागच्या वेळी नव्हती. श्रीहरी, काही झाडपाला घेतलात का? काढा, चूर्ण, काही?"

श्रीहरीनं खाली पाहिलं. मग मान हलवली. "काढा. सालीचा. रोज."

"कोणी दिला?"

"घरचाच होय."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तो आजच बंद करा. सूज उतरायला दोन महिने लागतील. तोपर्यंत तुम्हाला मी टेबलावर घेऊ शकत नाही."

"माह्यं काई झालं तरी चालते, सर. लिहून देतो."

"तुमचं चालत असेल. पण सुजलेला तुकडा तिच्या पोटात एक दिवस टिकणार नाही."

"दोन महिने ती..."

डॉक्टरांनी कागद मिटले. मग म्हणाले, "दात्याची गोष्ट आम्ही कुणाला सांगत नाही. घरच्यांना मी फक्त इतकंच सांगेन, की हे सध्या देऊ शकत नाहीत. बाकी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

बाहेर बाकावर गोपाल बसला होता. श्रीहरीला पाहताच तो उठला, पण त्याच्या तोंडावर आशा नव्हती. दुसरंच काही होतं.

"दादा, त्या सिस्टरनं मले आत्ता इचारलं. घरी तुमच्या दादाले काढा-गिढा देता का म्हणे. काऊन इचारलं असन जी?"

श्रीहरीनं त्याच्याकडे पाहिलं. अजून गोपालला कळलं नव्हतं, पण कळण्याच्या उंबरठ्यावर तो उभा होता. आणखी एक पाऊल, आणि मग या माणसाला कुणी धरू शकणार नव्हतं. वर हर्षा होती. घरी पिंकी होती, तिला आई गेल्यावर बापच राहणार होता.

"साऱ्यायलेच इचारते त्या," श्रीहरी म्हणाला. "काढ्याचं काई नाई. माह्यीच चूक झाली."

"काय झालं?"

"लिव्हर सुजलं. जमत नाई म्हणते डॉक्टर."

"कायनं सुजलं?"

"म्या पेली."

"काय?"

"दारू. भेव वाटाचं, जवाई. चिरफाडीचं. काम झालं की पेत होतो. रोज."

गोपालचा हात उठला. श्रीहरी हलला नाही. हात खाली आला तेव्हा गालावर न लागता सदऱ्याच्या कॉलरला लागला, आणि गोपाल ती कॉलर धरून लहान मुलासारखा रडू लागला.

"काऊन केलं दादा? मी मरमर मरून साल आणत होतो, आन् तुमी वरून दारू..." मग एकदम त्यानं डोळे पुसले. "ऐका. अजून बी होते. आता दोन येळ काढा घ्या. सकाळ-संध्याकाळ. सारं धुऊन निघन. घेता ना?"

"घेतो," श्रीहरी म्हणाला.

श्रीहरी चंद्रपूरला घरी पोचायच्या आधीच गोपालचा फोन पोचला होता. माय ओसरीवर बसली होती. श्रीहरीनं चपला काढल्या तशी ती उठली.

"तुया बापानं पूर्ण जिनगीत तोंडाले लावली नाई. आन् तू बहिणीच्या टायमाले?"

माय आत गेली. त्या दिवसापासून तिनं त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही.

कांतानं मात्र त्याला मोरीजवळ गाठलं. तो सालीचे तुकडे आणि उरलेला काढा ओतून टाकत होता.

"तुमी पेले नाई," ती हळूच म्हणाली. "मी तुमच्या बाजूले झोपतो. मले मालूम हाय." मग तिची नजर मोरीतल्या काळ्या पाण्यावर गेली आणि तिनं तोंडाला पदर लावला. "ह्यानं झालं?"

"गोपालले कळलं तं तो जगणार नाई."

"आन् तुमी? सारी जात-बिरादरी थुकन तुमच्या तोंडावर."

"थुकू दे. तू बोलजो नको."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. ऑपरेशन टळावं, त्याला काही होऊ नये, असं ती रोज मनात म्हणत होती. ते सगळं आज असं खरं झालं होतं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

तो पहाटे पुन्हा सायकल काढू लागला. दुसरं काय करावं, ते त्याला कळत नव्हतं. सूज उतरेल, डॉक्टर म्हणाले होते. तो परकोटाच्या भिंतीला धरून फिरत राहिला. पानठेलेवाला आता त्याला हाक मारत नव्हता. तिथं उभे असलेले लोक तो गेल्यावर काहीतरी बोलायचे.

तिसऱ्या आठवड्यात हर्षा गेली.

वडशाला गोपालच्या घरासमोर मंडप टाकला होता. पांढऱ्या कापडावर बुद्धाची मूर्ती, बाजूला बाबासाहेबांचा फोटो आणि मध्ये हर्षाचा, लग्नाच्या आधीचा. पुण्यानुमोदनाला नातेवाईक पांढऱ्या कपड्यांत जमले होते. गोपाल पिंकीला मांडीवर घेऊन सर्वांत पुढे बसला होता. तिची वेणी त्यानंच घातली होती, वाकडी. श्रीहरी शेवटच्या रांगेत बसला. त्याच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. पलीकडे बायकांच्या रांगेत माय आणि कांता होत्या.

भंतेजींनी त्रिशरण म्हटलं, मग पंचशील सुरू केलं. ते एक शील म्हणत आणि मागून सगळे म्हणत. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. श्रीहरीचा आवाज सगळ्यांच्या आवाजात मिसळून जात होता.

चौथं आलं. खोटं न बोलण्याचं. कांता त्याच्याकडे पाहत होती. त्याचे हात जोडलेले होते, डोळे उघडे होते आणि ओठ मिटलेले होते. शील संपेपर्यंत ते मिटलेलेच राहिले. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं.

मग पाचवं आलं, दारूपासून दूर राहण्याचं. आता माना वळल्या. आधी एकदोन, मग बऱ्याच. मायनंही वळून पाहिलं. श्रीहरीनं ते शील पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत म्हटलं, साऱ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात.

"लाज बी नाई," पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

कांतानं मान खाली घातली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, चौथं शील तिनंही म्हटलं नव्हतं.