बटणांच्या डब्यातला फोन

अहो, ती बटणं जरा बाजूला सारा, खाली मी आहे! मी एक अँड्रॉइड फोन. काच तडकलेली, सध्याचा मुक्काम शिवणाच्या डब्यात.

मला आणलं धाकट्या लेकानं, आईसाठी. आई एकटी राहायची. जन्मभर लोकांचे कपडे शिवून तिचे हात थरथरू लागले होते. माझ्या पडद्याच्या तळाशी तीन बटणं. त्यातलं मागे जायचं बटण तिला भारी आवडायचं. चुकून भलतंच काही उघडलं की ते दाबायची आणि म्हणायची, "चला, उसवलं!"

पडद्यावर मधोमध तिच्या बहिणीचा फोटो होता. तो दाबला की फोन लागायचा. बहीण लांबच्या गावी अंथरुणाला खिळलेली. दुपारची जेवणं आटोपली की रोज दोघींच्या गप्पा सुरू. काय ते हसणं! माझा स्पीकर फाटला तो त्या हसण्यानंच.

थोरल्याला मात्र मी कधीच पटलो नाही. सुट्टीला घरी आले की दोघे भाऊ जेवताना भांडायचे.

"आयफोन एकदा घेतला की वर्षानुवर्षं बघायला नको."

"आणि अँड्रॉइडमध्ये सगळं आपल्याला हवं तसं मांडता येतं, त्याचं काय?"

दोघांचंही खरं होतं. पण आईच्या हाताला काय सोयीचं, ते एकानंही विचारलं नाही. आई आपली दोघांना वाढत होती.

शेवटी थोरला नवाकोरा आयफोन घेऊन आला. "आई, कसा आहे?"

"छान आहे हो," आई म्हणाली. लेकाचं मन कसं मोडायचं? तिथंच घात झाला. छान म्हटल्यावर शिकवत कोण बसतंय? माझं सिम काढलं आणि मी डब्यात आलो.

नवा फोन वाईट नाही हो. पण त्याला बोट नीट सरकवावं लागतं आणि आईचं बोट भलतीकडेच जायचं. बहिणीचा फोन वाजायचा, आई उचलायला धडपडायची, तोवर तो बंद व्हायचा. आपणहून लावावा, तर दाबायला बहिणीचा फोटो त्यावर नव्हता. लेकांनी विचारलं, "मावशीशी बोललीस का?" तर म्हणायची, "बोलले की!" येत नाही म्हणायची लाज वाटायची तिला. पुढं पुढं तो वाजेनासाच झाला.

मग एका दुपारी धाकटा आला. खाली मान घालून म्हणाला, "आई, मावशी गेली. सारखी विचारायची म्हणे, ताई माझ्यावर का रागावली?"

तो गेल्यावर आईनं डबा उघडला, मला चार्जिंगला लावलं आणि बहिणीचा फोटो दाबला. सिम नाही, फोन लागणार कसा?

"नाही गं रागावले," ती फोटोला म्हणाली. "मला उचलताच येत नव्हता."

मग तिनं मागे जायचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दाबतच राहिली.

आता माझी बॅटरी संपत आलीय. हात जोडता येत नाहीत, नाहीतर जोडले असते. मला परत चार्जिंगला लावू नका. फोटो दिसला की ती पुन्हा फोन लावत बसेल.