बासष्टाव्या पानावरची खूण

पान ५

मी एक जुनी प्रत आहे. मित्रांनो, माझी पहिली चार पाने गळून गेली आहेत. म्हणून माझी गोष्ट इथून.

१९५४ साली ग्रिम्सबीच्या मरिनर थिएटरात, विंगेतल्या एका स्टुलावर माझा जन्म झाला. ऑलिव्ह टॅटर्सॉल नावाच्या प्रॉम्प्टर मुलीने एका छापील नाटकाची पाने सुटी केली आणि मोठ्या कोऱ्या वहीत चिकटवली. भोवती रुंद समास ठेवला. कोण कुठून येतो, दिवा कधी मंद होतो, ते तिथे पेन्सिलीने लिहिले. नट अडला की माझ्यात बघून ती पुढचे शब्द पुरवी. तेच माझे काम.

सोमवारी नवे नाटक लागे आणि शनिवारी ते संपे. नटांच्या डोक्यात तीन नाटकांची वाक्ये एकमेकांत घुसत. एकदा खुनाच्या प्रवेशात एकाने पाद्र्याचे भाषण म्हटले होते. ऑलिव्ह नसती तर तो प्रार्थनेपर्यंत गेला असता.

पान ६२

माझ्यातले नाटक दीपगृहाच्या रखवालदाराचे. त्याचे दोन मुलगे वादळात होडी घेऊन जातात. एकच परत येतो. बाप विचारतो, "तुझा भाऊ कुठाय?"

तो मुलगा झाला होता लेनर्ड ॲकरॉइड. वय तेवीस, कोळ्याचा पोरगा, अंगाला अजून माशांचा वास. पहिल्या तालमीत तो इथे गप्प राहिला. ऑलिव्हने घाईने वाक्य पुरवले.

"अगं बाई, विसरलो नाही मी! गप्प बसलोय!"

"मग तसं सांगायचं ना! मला काय तुझ्या डोक्यात दिसतंय?"

तिने चिडून समासात एक गोल काढला आणि पेन्सिल दाबून लिहिले: लेनर्ड थांबतो. सांगू नकोस.

सोमवारी तो खरेच थांबला. थिएटरात कुणी खोकलेसुद्धा नाही. मग म्हणाला, "मी आणतो त्याला," आणि डावीकडच्या दाराने वादळात निघून गेला.

विंगेत येताच त्याने विचारले, "किती झाले, ऑली?"

"सात सेकंद."

"सातच? मला वाटलं, म्हातारा झालो."

पान ६२, मागची बाजू

इथे कोरी जागा होती. ऑलिव्हने तिथे वर्तमानपत्रांची कात्रणे चिकटवली. लेनर्ड लंडनला गेला. लेनर्ड राजा झाला, खुनी झाला, पुन्हा राजा. मग सिनेमा. त्याची शांतता कॅमेऱ्याला फार आवडली. पुढे टीव्हीवर तो सतरा वर्षे एक इन्स्पेक्टर होता, जो प्रश्न विचारून गप्प राही आणि गुन्हेगार आपणहून बोलू लागे.

या सगळ्या काळात, कात्रण चिकटवायची वेळ सोडली, तर मी तळघरातल्या कपाटात होते. पाण्याचा पाइप गळत असे. एका कसरीने माझ्या दुसऱ्या अंकाच्या कडा खाल्ल्या.

पान ६३

फाटलेले.

पुन्हा पान ६२

२००१. लेनर्ड सत्तरीचा होऊन ग्रिम्सबीला परतला. तेच नाटक, आता बापाच्या भूमिकेत. ऑलिव्हने मला कपाटातून काढून झटकले.

तरुण दिग्दर्शक निगेल म्हणाला, "बाई, टाइप केलेली नवी प्रत आहे ना! हिच्यातून तर बुरशी पडतेय."

"माझ्या डोक्यातूनपण पडते. मलाही काढतोस?"

मित्रांनो, तिने तेव्हा ऐकायला हवे होते.

एका दुपारी विंगेत दोघेच होते. लेनर्ड म्हणाला, "शेवटची तीन वर्षं कॅमेऱ्यामागे माझी वाक्यं लिहिलेले फळे धरायचे, ऑली. मोठ्या अक्षरात. मी वाचायचो. लोक म्हणायचे, काय नजर आहे याची!"

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. म्हणून तर आलो. एकदा फळ्याशिवाय पुरं नाटक करायचंय. एकदाच. मग घरी बसेन."

त्यांनी ठरवले: अडला तर त्याने टोपीला हात लावायचा, म्हणजे तिने सांगायचे.

गुरुवारी दुपारचा पहिला प्रयोग होता. पेन्शनरांची गर्दी, मांडीवर चहाचे ट्रे. पहिला अंक न अडखळता गेला. दुसराही. ऑलिव्हचे बोट ओळीओळीने माझ्यावरून पुढे सरकत होते. बासष्टावे पान आले. मुलाच्या भूमिकेतला रोरी भिजलेला आत आला. लेनर्डने आता विचारायचे होते.

तो थांबला.

ऑलिव्हने खाली पाहिले. तिच्याच अक्षरात लिहिले होते: लेनर्ड थांबतो. सांगू नकोस. तिने तेव्हा पात्राचे नाव लिहिलेच नव्हते. त्याचे लिहिले होते.

सात सेकंद. दहा. तिला वाटले, काय थांबलाय! वीस. रोरी विंगेकडे पाहू लागला. कुठेतरी चमचा बशीवर वाजला. लेनर्डचा हात टोपीकडे गेला नाही. हाताने काय करायचे, तेही तो विसरला होता.

"तुझा भाऊ कुठाय?" ऑलिव्हने सांगितले. उशिरा, मोठ्याने.

लेनर्डचा चेहरा उजळला. तो तिच्याकडे वळला आणि तेवीस वर्षांच्या आवाजात म्हणाला, "मी आणतो त्याला." मग डावीकडच्या दाराने निघून गेला. रंगमंचावर रोरी उरला. त्याच्याकडे आता एकही वाक्य नव्हते.

पडदा पाडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले, नाटक असेच आहे.

विंगेत येऊन त्याने विचारले, "किती झाले, ऑली?"

"सात," ती म्हणाली.

शेवटचे पान

लेनर्ड पुन्हा रंगमंचावर गेला नाही. वृद्धाश्रमात ऑलिव्ह दर गुरुवारी मला घेऊन जाई आणि वाचून दाखवी. तो गप्प झाला की ती सेकंद मोजत नसे, लगेच सांगे. कधी तो हसे. कधी विचारी, "बाई, आपण कोण?" तेही ती लगेच सांगे.

ती खूण तिने खोडरबराने खोडली. पण पेन्सिल दाबून लिहिलेले होते. बोट फिरवले तर अजून लागते.

आता दोघेही नाहीत. मी वाचनालयाच्या एका खोक्यात आहे. तुम्ही मला उघडा न उघडा, पण मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाविषयी अशी जुनी खूण असेल: तो तसाच आहे, गप्प बसतो, त्याला विचारू नका. ती कितीही प्रेमाने काढलेली असो. तो गप्प झाला की समासात बघू नका. त्याच्या तोंडाकडे बघा आणि सांगा. वीस सेकंद फार असतात.