उत्तरायणाची अदलाबदल

फतेगंजच्या आमच्या ऑफिसात सगळे माझ्या नावाने बोटं मोडतात, ती टेस्टवरून. कोड लिहिण्याआधी तो तपासणारी टेस्ट लिहायची, हा माझा हट्ट. आधी लगीन कोंढाण्याचं! शेजारच्या टेबलावरचा धवल चिडवतो, "शर्वरीबेन, भाजी चिरण्याआधीच मीठ चाखताय." चिडवू दे मेल्याला.

डायलिसिस सेंटरचं सॉफ्टवेअरही मी असंच केलं. कुठल्या पेशंटला कुठलं मशीन, हे ते सिस्टरना दाखवणार. हिपॅटायटिस बी असलेल्यांचं मशीन वेगळंच लागतं, नाहीतर दुसऱ्याला लागण व्हायची. सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या, म्हणजे पास, सोमवारपासून सुरू करायचं ठरलं. माझे बाबा डायलिसिसला तिथेच जातात, म्हणून मी जरा जास्तच मिरवत होते.

रविवारी जेवताना बाबा म्हणाले, "उत्तरायणाला मी जगदेवरावांच्या पाळीला जाणार."

"म्हणजे?"

"अगं, संक्रांतीला त्यांची नातवंडं येतात गच्चीवर. मला कुठे पतंग उडवायचेत? आम्ही दरवर्षी आपापसात बदलतो. कोमल सिस्टरला ठाऊक असतं, ती मशीनचं बघते."

जगदेवरावांना हिपॅटायटिस बी आहे. आणि मी मशीन जोडलं होतं पाळीला, माणसाला नाही. आता कोमल सिस्टर स्क्रीन बघूनच पेशंट झोपवणार.

सोमवारी ऑफिसात पोचल्या पोचल्या टेस्ट लिहिली: जगदेवरावांच्या पाळीला मुकुंद, म्हणजे बाबा. टेस्ट लाल. बाबांच्या नावापुढे जगदेवरावांचं मशीन! माझ्या बापाला मीच तिथे झोपवत होते, आणि वर बढाया मारत होते. गर्वाचं घर खाली, दुसरं काय! चिडवायचं सोडून धवलनेच सेंटरला फोन केला आणि आज सुरू करायचं थांबवलं.

संध्याकाळपर्यंत दुरुस्ती झाली, सगळं पुन्हा हिरवं.

"चालो, उद्या चालू करीए?" धवलने विचारलं.

त्या हिरव्याकडे बघताना मला पहिल्यांदाच भीती वाटली. मला सुचलं तेवढं सगळं मी आधी तपासलं होतं. जे सुचलंच नाही, त्याचं काय?

"थांब रे," मी म्हटलं आणि घरी आले.

"बाबा, तुम्ही लोक तिथे आणखी काय काय करता?"

बाबांनी टीव्ही बंद केला. "चहा टाक," ते म्हणाले. "बरंच आहे."