डाव्या हाताची कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे, शिंप्याची कात्री. एवढे सांगून थांबले असते तरी चालले असते, पण तेवढ्याने माझी ओळख पुरी होत नाही. मी डाव्या हाताची कात्री आहे. ही गोष्ट माझ्या अंगावर कुठे कोरलेली नाही, आणि माझे दुःख तिथूनच सुरू होते. मला ते नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. कापणे हे माझे काम. जोडणे सुईला जमते, मला नाही. तरी प्रयत्न करते.

माझे मालक शिंपी होते. गिऱ्हाइके त्यांना मास्तर म्हणत, आणि शेजारी बसून काज-बटण करणाऱ्या त्यांच्या बायकोला वहिनी. मीही तेच म्हणते. मास्तर डावखुरे. लहानपणी शाळेत त्यांच्या डाव्या हातावर पुष्कळ छड्या बसल्या, पण हात काही बदलला नाही. शिंपीकाम शिकले तेही उजव्या हाताच्या कात्रीने, डाव्या हातात धरून. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून लांब सरकतात. कापड कापले जात नाही, मध्ये दुमडते. मास्तर अंगठ्याने जोर लावून पाती जवळ आणत. त्यामुळे अंगठ्याच्या मुळाशी कायम फोड असे.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत वहिनींनी तो फोड पाहिला. एका दुपारी मास्तर दुकानातच आडवे झाले होते, तेव्हा वहिनींनी त्यांच्या डाव्या हाताखाली वर्तमानपत्र सरकवले, खडूने हाताचा आकार काढून घेतला आणि तो कागद घेऊन कात्र्या घडवणाऱ्या लोहाराकडे गेल्या.

लोहार हसला. म्हणाला, डाव्या हाताची कात्री आजवर कोणी मागितली नाही, उद्या तुम्ही डाव्या पायाची चप्पल मागाल.

"चपला तर दोन्ही पायांच्या वेगळ्याच करतात की," वहिनी म्हणाल्या.

लोहाराने आपल्या पायांकडे पाहिले. मग त्याने कागद घेतला. अशी मी झाले. माझे वरचे पाते दुसऱ्या बाजूला, माझ्या कड्या मास्तरांच्या बोटांच्या मापाच्या. मास्तरांनी मला पहिल्यांदा हातात घेतले आणि पांढऱ्या सुती कापडातून सरळ चालवले, तेव्हा त्यांना वाटले की कापड आपणहून बाजूला होते आहे. महिन्याभरात फोड गेला.

त्यानंतर एकेचाळीस वर्षे मी काम केले. शाळेचे गणवेश बेतले, नवरदेवांचे कोट बेतले, एका म्हाताऱ्या वकिलाचा काळा डगला तीन वेळा सैल केला. माझ्याबद्दल मास्तरांचा एकच नियम होता : कात्रीला कागद लावायचा नाही. कागदाने धार मरते. शेजारचे दुकानदार मला उसनी नेत आणि पाच मिनिटांत परत आणून देत. "मास्तर, तुमची कात्री बोथट झालीय," ते म्हणत. मास्तर हसत आणि म्हणत, ती फक्त माझे ऐकते. वहिनींचेही मी ऐकत नसे. त्यामुळे त्या दोरा नेहमी दातांनी तोडत. मास्तर त्यांना चिडवत, म्हणत की घरात दोन कात्र्या आहेत, एक माझी आणि एक हिच्या तोंडात. वहिनी म्हणत, तोंडातली जास्त चालते हे लक्षात ठेवा.

मग वहिनींचे दात गेले, कवळी आली. आणि मागच्या वर्षापासून मास्तरांचा डावा हात थरथर कापू लागला. आधी चहाच्या कपात कळले, नंतर कापडावर. एका गिऱ्हाइकाची पँट अर्धा इंच चुकली. गिऱ्हाइकाने ती तशीच नेली, पण मास्तरांनी त्याच आठवड्यात दुकान बंद केले. वहिनींनी माझ्यासाठी अस्तराच्या कापडाची खोळ शिवली आणि मला तिच्यात ठेवले.

तुम्ही म्हणाल, मग यात दुःख कसले? तेच सांगते. लग्नात मास्तरांनी वहिनींना एक शब्द दिला होता, की एकदा तरी दूरचा देश दाखवीन. दुकान बंद झाले तेव्हा तो शब्द आठवला. भाच्याने तिकिटे काढली, भाच्यानेच बॅग भरली. मास्तर मला घेऊन आले तेव्हा वहिनींनी विचारले, परदेशात कात्रीचे काय काम? मास्तर म्हणाले, काही नाही, असू दे. भाच्याने मला बॅगेच्या तळाशी घातले.

त्यामुळे बारा दिवसांपैकी अकरा दिवस मी काहीच पाहिले नाही. परदेश कसा असतो असे मला कोणी विचारले, तर अंधार आणि चाकांची घरघर, एवढेच मी सांगेन. जे काही पाहिले ते शेवटच्या दिवशी.

ती एक भाड्याची खोली होती. लोखंडी पलंग, उतरते छत, खिडकीतून समोरच्या घराची कौले. मास्तरांनी बॅग पलंगावर रिकामी केली होती, कारण आदल्या दिवशी त्यांनी एक वस्तू घेतली होती, ती बसत नव्हती. ते कापड होते. गडद हिरवे, लोकरीचे, सव्वातीन मीटर. त्यांनी ते पलंगावर पसरले आणि त्यावरून हात फिरवला. कापडावर हात ठेवला की तो हात कमी थरथरतो, हे मला त्या दिवशी कळले.

"घरी गेलो की तुझा कोट बेततो," ते म्हणाले. "आयुष्यभर लोकांचे केले."

"आणि हात?" वहिनींनी विचारले.

"हाताचे बघू. कात्री आहे ना."

वहिनींनी मास्तरांकडे पाठ केली, म्हणजे खांद्याचे माप घेता यावे म्हणून. मास्तरांनी वितीने माप घेतले आणि म्हणाले, बारा दिवसांत तू जाड झालीस. त्या म्हणाल्या, वीत लहान झाली असेल. मित्रांनो, वर्षभर खोळीत पडून राहिलेल्या कात्रीला हे ऐकून काय वाटले असेल, ते मी सांगत बसत नाही.

त्या सकाळी दोघांना नदीवरचा जुना पूल पाहायला जायचे होते. बसमधून तो रोज दिसे, पण पायी जाणे राहिले होते. कापड आत घालून बॅग लावायला गेले आणि चेन फाटली. दात उचकटले ते उचकटलेच. घरमालकीण वर येऊन पाहून गेली, तिला यांची भाषा येत नव्हती, यांना तिची. तिने दोरीचे एक बंडल आणून दिले. वहिनी म्हणाल्या, बांधूया. मास्तरांना ते पटले नाही. शिंप्याची बॅग दोरीने बांधलेली, लोक काय म्हणतील?

त्यांनी आपल्या सुयांच्या पुडीतून जाड सुई काढली, नायलॉनचा दोरा काढला, आणि बॅग शिवायला घेतली. एका टोकाकडून मास्तर, दुसऱ्या टोकाकडून वहिनी. दुहेरी टाका, आवळून. वहिनी म्हणाल्या, विमानात आपटतील, अजून एक फेरी घाला. त्यांनी अजून एक फेरी घातली. पूल राहिला. पण बॅग अशी शिवली गेली की तसे काम मास्तरांच्या हातून वर्षभरात झाले नव्हते. दोघांनी लांब उभे राहून ती पाहिली.

मग वहिनींनी शेवटचा दोरा तोंडाशी नेला. कवळीत नायलॉन तुटेना. त्यांनी हात पुढे केला, मास्तरांनी मला उचलले आणि दोरा कापला.

आता तुम्हीच पाहा. बॅग शिवून झाली होती, आणि मी बाहेर होते. दुसरे काही होणे शक्यच नव्हते, शेवटचा दोरा कापणारी कात्री बाहेरच राहणार. माझी खोळसुद्धा आत गेली होती. खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मास्तर शिवणीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत राहिले. एवढे टाके उसवायचे आणि पुन्हा घालायचे, त्याला वेळ नव्हता. त्यांनी मला वहिनींच्या रुमालात गुंडाळले आणि वहिनींच्या पर्समध्ये ठेवले. सुई कॉलरला टोचली. हाताशी असलेल्या पिशवीत कात्री चालत नाही, हे दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. ठाऊक असलेला भाचा हजारो मैल दूर होता.

विमानतळावर बॅग पट्ट्यावरून आत गेली. माझी पाळी नंतर आली. तपासणीवरच्या तरुण बाईने पर्स उघडली, रुमाल सोडला आणि मला टेबलावर ठेवले. लोक म्हणतात कात्रीत सापडलो. त्या दिवशी कात्रीच सापडली.

ती बाई वाईट नव्हती, हे मला सांगितलेच पाहिजे. ती हळू बोलत होती. तिने खुणेने सांगितले, की मोठ्या बॅगेत घाला. मास्तरांनी खुणेने सांगितले, की बॅग गेली. तिने बाहेरच्या दाराकडे बोट केले, म्हणजे पोचवायला आलेल्या कोणाला तरी द्या. बाहेर कोणीच नव्हते. तिने घड्याळाकडे बोट केले, ते सगळ्यांना कळले. वहिनी तिच्याशी आपल्या भाषेत बोलत राहिल्या, अहो ताई, त्यांचे काम आहे हो त्यावर, एवढेच पुन्हापुन्हा. मागच्या रांगेतले लोक एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होते.

मग त्या बाईने मला उजव्या हातात घेतले आणि टेबलावरच्या एका कागदावर चालवून पाहिले. एकेचाळीस वर्षांत मला कागद शिवला नव्हता. कागद कापला गेला नाही, पात्यांत दुमडला. तिने सोबत्याला तो दाखवला, आणि मास्तरांकडे पाहून दयेने हसली. अहो, ही कापतही नाही, कशाला जीव टाकता, असेच तिला म्हणायचे असावे. त्या क्षणी मला तोंड उघडून सांगता आले असते, तर! माझ्याजवळ तोंड आहे, ते दुसऱ्याच्या हाताशिवाय उघडत नाही.

"डाव्या हाताने," मास्तर म्हणाले. "डाव्या हाताने धरा."

तिला कळले नाही. तेव्हा त्यांनी आपला डावा हात वर केला आणि दोन बोटे हवेत उघडून मिटून दाखवली. एकदा, दोनदा. हात कापत होता, त्यामुळे बोटांपेक्षा सगळा हातच जास्त हलला. त्या बाईला वाटले, ते निरोप घेत आहेत. तिनेही हात हलवला. आणि मला खालच्या डब्यात ठेवले.

डब्याला झाकण नव्हते, म्हणून पुढचे मला दिसले. वहिनी बूट घालायला बाकावर बसल्या होत्या.

"माझे दात असते तर तुटला असता दोरा," त्या म्हणाल्या.

"चूक तुझी नाही. मीच घातली पर्समध्ये."

"दुसरी करून घेऊ."

"करणारा आहे कुठे?" मास्तर म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "कोट दुसऱ्या कोणाकडून शिवून घे. कापड चांगले आहे."

"मला दुसऱ्याचा नको."

वहिनी उठल्या. इतकी वर्षे त्या नेहमी मास्तरांच्या उजव्या बाजूने चालत, डावा हात कामाचा म्हणून मोकळा ठेवत. त्या दिवशी त्या वळसा घालून डाव्या बाजूला गेल्या आणि तो कापणारा हात त्यांनी धरला. दोघे गर्दीत गेले. मास्तरांच्या कॉलरला सुई चमकत होती. तपासणीतून ती सुटली होती.

आता मी एका कोठारात आहे, चाकू आणि इतर कात्र्यांबरोबर. कधी कोणाला खोक्याची पट्टी कापायची असते, तो मला उचलतो, उजव्या हातात धरतो, आणि दोन प्रयत्नांनंतर परत टाकतो. ते काय म्हणतात ते मला न कळणाऱ्या भाषेत असते, पण कळते. बोथट आहे. मित्रांनो, मी बोथट नाही. निदान मला तसे वाटते. इतके लोक एकच गोष्ट म्हणू लागले की आपल्या धारेवरचा आपलाच विश्वास उडतो.

म्हणून तुमच्याकडे एक मागणे आहे. एखादी वस्तू चालत नाही म्हणून फेकण्याआधी एकदा दुसऱ्या हातात धरून पाहा. आणि माणूस असेल, तर दोनदा पाहा.

मला स्वतःपेक्षा त्या बॅगेची काळजी जास्त वाटते. ती दुहेरी टाक्याने, दोन फेऱ्यांनी शिवलेली आहे. हिरवे कापड तिच्यात आहे, माझी खोळ तिच्यात आहे. घरी पोचल्यावर त्यांनी ती कशाने उसवली असेल?