न आल्यात जमा

बाईंनी गाडीचं पुढचं दार उघडलं, तर तिथे अण्णा आधीच बसलेले होते. बाईंनी दार लावलं आणि त्या मागे जाऊन बसल्या. मागच्या सीटवर एक दोरखंड, रबरी बुटांचा जोड आणि औषधांचा खोका होता. तो सगळा संसार त्यांनी एका बाजूला सरकवला, कागदांची कापडी पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. समोरच्या आरशात अण्णांचा चेहरा दिसत होता, म्हणून मान आणखी थोडी वळवली.

"झाले सगळे गोळा?" गाडी चालवणारे डॉक्टर म्हणाले. "मग ठरल्याप्रमाणे. एकाच गाडीने जायचं, एकाच गाडीने यायचं. चहा प्यायचा तर तिघांनी आणि साहेबांना भेटायचं तरी तिघांनी."

"लहान मुलं आहोत का आपण?" अण्णा म्हणाले.

"लहान मुलं परवडली. ती भांडतात आणि विसरून जातात."

त्यांनी गाडी गिअरमध्ये टाकली.

एका ओढ्याच्या काठाने वसलेल्या तीन गावांचे तीन नगराध्यक्ष त्या गाडीत होते. डॉक्टर मधल्या गावाचे. ते गुरांचे डॉक्टर, त्यामुळे लाथा चुकवत काम करायची त्यांना सवय होती. अण्णा वरच्या गावाचे. बाई खालच्या गावाच्या. उभा जन्म शाळेत काढून त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, त्यामुळे अध्यक्ष झाल्या तरी गावाच्या तोंडी त्या 'बाई'च राहिल्या. आणि अण्णा आणि बाई हे सख्खे भाऊ-बहीण. गेली नऊ वर्षं दोघांमध्ये 'नमस्कार' आणि 'ठीक आहे' यापलीकडे शब्द नव्हता.

वाहतूक निधीसाठी ही गावं आजवर आपापली वेगळी जात आली होती. खालच्या गावाला ओढ्यावर उंच पूल हवा होता, कारण तिथली जुनी फरशी जरा पाणी वाढलं की बुडायची आणि बस अलीकडच्या फाट्यावरूनच मागे फिरायची. वरच्या गावाला बसच्या फेऱ्या वाढवून हव्या होत्या. प्रत्येकाने समितीपुढे आपलं गाऱ्हाणं मांडायचं आणि उरलेल्या दोघांना कशी काही गरज नाही, हेही जाता जाता सांगून यायचं. समिती तिघांचंही शांतपणे ऐकून घ्यायची आणि तिघांनाही वाटाण्याच्या अक्षता लावायची. निधीची योजना यंदा बंद होणार असं कळलं, तेव्हा डॉक्टरांनी दोघांच्या दारचे उंबरे झिजवून तिघांचा मिळून एकच अर्ज करायला लावला. अट मात्र घातली की तिथे कुणीही आपल्या गावाबद्दल बोलायचं नाही. बाईंनी वरच्या गावाचं मांडायचं आणि अण्णांनी खालच्या गावाचं.

"स्वतःचं मांडलं की रडगाणं होतं," ते म्हणाले होते. "दुसऱ्याचं मांडलं की साक्ष होते."

"आणि तुमच्या गावाचं कोण मांडणार?" बाईंनी विचारलं होतं.

"आम्ही मधे. तुम्हा दोघांना मिळालं की आम्हाला आपोआप मिळतं," डॉक्टर मोठ्या निरागसपणे म्हणाले होते.

बाईंनी आपलं काम मन लावून केलं होतं. वरच्या गावी त्या चारदा जाऊन आल्या, थांब्यावर उभं राहून लोकांशी बोलल्या, बसमधून फिरल्या. फक्त ज्या गल्लीत त्या लहानाच्या मोठ्या झाल्या, तिच्या तोंडाशी आलं की त्या रस्ता बदलायच्या. अण्णा मात्र खालच्या गावाकडे एकदाही फिरकले नव्हते. बाईंनी नगरपालिकेतल्या शिपायाला लक्ष ठेवायला सांगितलं होतं, त्यामुळे ही बातमी पक्की होती. अण्णांनी आज दोन वाक्यं तोंडातल्या तोंडात पुटपुटून बसकण मारली, तर पूल गेला. मागच्या वेळी फरशी बुडाली तेव्हा शाळेच्या मुली अंधार पडेपर्यंत फाट्यावर अडकून पडल्या होत्या. त्या मुलींचे भेदरलेले चेहरे बाईंच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते, आणि त्यांचं नशीब कुणाच्या हाती, तर या माणसाच्या.

हा माणूस म्हणजे ज्याने खालच्या गावाला मंजूर झालेला बसडेपो वजन वापरून आपल्या गावी वळवून नेला, तो. ते एक वेळ बाईंनी पोटात घातलं असतं. राजकारण म्हटलं की तसं चालायचंच. पण त्याच सुमारास बाईंच्या यजमानांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. लांबलांबचे आले, ज्यांची तोंडंही आठवत नव्हती ते आले, आणि सख्खा भाऊ आला नाही. वहिनीचा फोन आला, "त्यांना ताप आहे हो." तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "असू दे." डेपोच्या भानगडीनंतर येणारा ताप त्यांना चांगला ओळखीचा वाटला होता.

समितीच्या दालनात लांबलचक टेबल होतं आणि पंखा एका बाजूला कलून फिरत होता. समितीच्या अध्यक्षा चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "या वेळी तिघं एकदम? कुणी कुणाची तक्रार करायची, ते ठरवून आलात की इथेच ठरवणार?"

बाई उठून उभ्या राहिल्या. पोरांना शिकवून आवाज कमावलेला होता, तो कामाला आला. वरच्या गावात डेपो आहे खरा, त्या म्हणाल्या, पण तिथे गाड्या फक्त झोपायला येतात. सकाळी एकदा निघतात, संध्याकाळी एकदा परततात. मधल्या वेळात दवाखान्यात जायचं असेल, तर दूधवाल्याच्या टेम्पोची वाट बघावी लागते. एका म्हातारबुवांना त्यांनी तसं दुधाच्या कॅनांमध्ये बसून जाताना पाहिलं होतं. "डेपो असून त्या गावाची बस नाही," बाई म्हणाल्या, "आणि हे मी सांगतेय, जिचं गाव त्या डेपोसाठी भांडून हरलं."

अण्णांनी खाली घातलेली मान वर केली. मग त्यांची पाळी आली.

"खालच्या गावाबद्दल माझ्याकडे आकडे नाहीत," ते म्हणाले.

बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. झालं, बुडवलं आपल्याला.

"पूल त्यांच्या हद्दीत आहे, मग तुम्हाला त्याचं काय, असं तुम्ही विचाराल. म्हणून आमच्या गावातल्या एका माणसाचं सांगतो. त्याची बहीण खालच्या गावी दिलेली. तिच्या यजमानांचं दुसऱ्या दिवशी शहरात मोठं ऑपरेशन होतं. हा आदल्या संध्याकाळी निघाला, की रात्री तिच्या सोबतीला राहू आणि सकाळी बरोबर जाऊ. बसने फाट्यावर सोडलं. फरशीवरून पाणी वाहत होतं, ड्रायव्हर पुढे जाईना, आणि त्याचं बरोबरच होतं. मग हा चपला हातात घेऊन तसाच पाण्यातून गेला. जायला नको होतं. गावात पोचला, तर दाराला कुलूप. ऑपरेशन एक दिवस अलीकडे आलं होतं. ती माणसं कालच निघून गेली होती. घाईत याला कळवायचं राहिलं असणार."

अण्णा थांबले आणि समोरच्या ग्लासातलं पाणी प्यायले.

"मग?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"हातात मोसंब्यांची पिशवी होती, ती दाराच्या कडीला अडकवली आणि परत फिरला. फाट्यावर येईतो शेवटची बस निघून गेली होती. ओल्या कपड्यांनी चालत घरी आला आणि तापाने अंथरूण धरलं. उठला, तोवर भेटायला जायची वेळ टळून गेली होती."

"पण येऊन गेलो, एवढं तरी कळवायचं," अध्यक्षा म्हणाल्या.

"काय कळवणार? दारापर्यंत येऊन परत गेलेला माणूस न आल्यातच जमा." अण्णांनी ग्लास बाजूला सरकवला. "पूल असता, तर बस गावात गेली असती आणि तीच पुढे शहराकडे. हा त्याच बसने थेट हॉस्पिटलात पोचला असता. आमच्या गावच्या निम्म्या लेकी खालच्या गावी दिलेल्या आहेत. ओढा त्यांचा आहे, पण अडतो आमचा माणूस."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"कुणी सांगितलं नाही," अण्णा म्हणाले आणि खाली बसले.

बाईंचा हात मांडीवरच्या पिशवीवर होता. जाड, निळ्या चौकड्यांचं कापड, बंदांना दुहेरी शिवण. हॉस्पिटलमधून परतल्यावर ती दाराच्या कडीला सापडली होती. आत मोसंबी सुकून टणक झालेली. शाळेतल्या कुणा पोराच्या आईने ठेवली असेल असं समजून बाईंनी मोसंबी टाकून दिली होती, आणि पिशवी मजबूत म्हणून धुऊन वापरायला घेतली होती. तेव्हापासून ती त्यांच्याबरोबर बाजारात, बँकेत, सभेत सगळीकडे फिरत होती. आता त्यांनी तिचे बंद बोटाभोवती घट्ट गुंडाळले आणि कलून फिरणाऱ्या पंख्याकडे बघत डोळे कोरडे होऊ दिले.

समितीची माणसं आपसात बोलली. मग अध्यक्षांनी चष्मा काढला. "पूल आणि फेऱ्या, दोन्हींना मंजुरी देतोय. लेखी पत्र येईलच. एकाच वेळी तीन गावं खूश करून घरी पाठवायचा योग माझ्याही नशिबी पहिल्यांदाच आला."

बाहेरच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी भिंतीला पाठ टेकून एवढा मोठा श्वास सोडला, की शेजारून जाणारा कारकून दचकला. मुली आता फाट्यावर अडकणार नाहीत, हे बाईंनी मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं, तेव्हा कुठे ते खरं वाटलं.

परतताना त्या सवयीने मागे बसल्या. दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. अण्णांनी दोरखंड आणि रबरी बूट उचलून पुढच्या सीटवर ठेवले आणि ते बाईंच्या शेजारी बसले.

"म्हणजे मी ड्रायव्हर का?" डॉक्टर म्हणाले. तरी ते खूश दिसले.

शहर मागे पडलं. तेव्हा बाई म्हणाल्या, "मोसंबी वाळून गेली होती."

"तशीही आंबटच होती. घाईत घेतलेली."

"एका शब्दाने सांगायचंस तरी, अण्णा."

"तू तुझ्या वहिनीला काय म्हणालीस? असू दे म्हणालीस."

बाईंनी पिशवीचे बंद सरळ केले. म्हणाल्या होत्याच. "तुला निरोप द्यायला मी पुतण्याला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "दिलास का, हे विचारायचं मात्र राहिलं. आणि मग मी तुझ्यावरच चिडून बसले."

"पिशवी तुझ्या वहिनीने शिवलेली. आमच्या जुन्या पडद्याची." अण्णा खिडकीबाहेर बघत होते. "सकाळी तुझ्या मांडीवर दिसली. नाहीतर मी आकडे घेऊनच आलो होतो."

"आकडे नाहीत म्हणालास."

"खिशातून काढलेच नाहीत."

बाईंना हसू आलं आणि ते त्यांनी दाबलं नाही. नऊ वर्षं उरावर घेतलेलं ओझं इतक्या थोडक्यात उतरेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आपण चुकलो होतो, याचं वाईट वाटायला हवं होतं, आणि ते पुढे कधीतरी वाटेलही. आत्ता मात्र त्यांना फक्त बरं वाटत होतं.

खालच्या गावात शिरताच डॉक्टरांनी गाडी थांबवली. "मला आता इथूनच वळायला हवं. एका गोठ्यातून फोन आलाय, गाय अडलीये. अण्णा, तुम्हाला इथून शेवटची बस मिळेल."

फोन वाजलेला मात्र कुणीच ऐकला नव्हता. दोघं उतरली आणि डॉक्टर घाईघाईने, गोठे वगैरे काहीच नसलेल्या दिशेने निघून गेले.

बाईंचं घर थांब्यासमोरच होतं. ओढ्याला पाणी नव्हतं, त्यामुळे बस आज गावात आली होती. ड्रायव्हरने अण्णांना ओळखून हॉर्न दिला. अण्णांनी एकदा बसकडे पाहिलं आणि मग घराकडे. दाराला कुलूप होतं.

"पुन्हा कुलूप," ते म्हणाले.

"हे फिरायला गेले असतील. येतील अंधार पडायच्या आत."

"मग निघतो मी. बेबी, तू—"

गावाच्या बाईंना बेबी म्हणून हाक मारणारं माणूस जगात हे एकच उरलं होतं.

"किल्ली समोरच्या घरी असते," बाई म्हणाल्या. "नेहमीच असते. तेव्हाही होती."

"मला कुठे माहीत?"

"आता झालं ना माहीत? जा, घेऊन ये."

ड्रायव्हरने आणखी एकदा हॉर्न दिला. अण्णांनी त्याला हातानेच 'जा' म्हणून खूण केली, रस्ता ओलांडला आणि समोरच्या घराची कडी वाजवली. एका अनोळखी बाईंनी दार उघडून विचारलं, "कोण पाहिजे?"

"किल्ली द्या," अण्णा म्हणाले. "मी समोरच्या बाईंचा भाऊ."