थंड भट्टीची अट

तपासनीस येऊन जाईपर्यंत भट्टी थंड ठेवायची, सासूबाईंना एवढंच करायचं होतं. तेवढंच त्यांना जमलं नाही.

बाकी तयारीत काही कमी नव्हतं. खोलीला चुना लावला, खिडकीला जाळी बसवली, नसलेल्या कोळ्यांची जळमटंसुद्धा काढली. जह्ले शहरातल्या दारूच्या दुकानदारानं सांगितलं होतं, "अरक तुमचाच उत्तम, पण परवान्याशिवाय मी तो फळीवर मांडू शकत नाही." परवाना आला की बाटलीवर चिठ्ठी लागणार, आणि चिठ्ठीवर त्यांचं स्वतःचं नाव, वर्दे. आमच्याकडे मुलगा झाला की बाईचं नाव मागे पडतं. माझा नवरा जन्मला त्या दिवसापासून त्या अख्ख्या गावाला 'उम्म नस्री', नस्रीची आई. अरक, आमची ही द्राक्षाची दारू, मात्र त्या नस्रीच्याही आधीपासून गाळत होत्या. त्यामुळे चिठ्ठीवर वर्देच हवं, यावर त्या अडून बसल्या होत्या.

अडचण एवढीच की भट्टी नावाला आमची होती. द्राक्षांचा हंगाम संपला की तो तांब्याचा हंडा, नळी आणि टोपण घरोघरी फिरायचं. पूर्वी खेचरावरून, आता शेजारच्या अबू तन्नूसच्या पिकअपमधून. यंदा प्रथमच हंडा चुना लावलेल्या खोलीत बसून राहिला होता, नवरीसारखा.

तपासणीच्या सकाळी अबू तन्नूस पिंप घेऊन दारात.

"उम्म नस्री, माझी द्राक्षं आंबून तयार झालीयत. आज नाही गाळली तर उद्या व्हिनेगर."

"आज तपासनीस येणारेय, अबू तन्नूस. दुपारी."

"मग मी काय वर्षभर व्हिनेगरात लोणची घालत बसू?"

सासूबाईंनी हंड्याकडे पाहिलं, पिंपाकडे पाहिलं, आणि डोक्याला रुमाल बांधला. आंबलेलं द्राक्ष कुणाचं असो, परत पाठवायचं नाही, हे आमच्याकडे बाळाला दूध नाकारू नये तसं आहे. "दुपारच्या आत उरकू," त्या म्हणाल्या. जोडाच्या फटींना कणीक लिंपली, खाली वेलींची लाकडं पेटवली. आणि भट्टी पेटली की शेजार जमतोच. अबू तन्नूसच्या बायकोनं, उम्म तन्नूसनं, निखाऱ्यात बटाटे सारले, कुणी अंडी आणली. मीही माझ्या लेकीचा पाळणा आत सरकवला. रात्रभर छळून ती त्या उबेत, त्या तांब्याच्या गुणगुणण्यात गाढ झोपते. तेवढ्या वेळात माझी पाठ जमिनीला लागते.

दुपारचा तपासनीस सकाळीच आला.

उस्ताद वहीब म्हणून सडपातळ गृहस्थ होते; शिकल्यासवरल्या साहेबाला आमच्याकडे उस्ताद म्हणतात. दारातच थबकले. "भट्टी थंड हवी होती, बाई."

"होती ना, उस्ताद," अबू तन्नूस म्हणाला, "काल आला असतात तर!"

"उत्पादनाच्या खोलीत स्वयंपाक चालत नाही."

"स्वयंपाक कुठाय? बटाटे थंडीचे शेकत बसलेत."

"परकी माणसंही चालत नाहीत. आणि राहता वावर नको." त्यांची नजर पाळण्यावर गेली. "हे कोण?"

"माझी मुलगी," मी म्हटलं. "राहत नाही इथे. फक्त झोपते."

"तिच्या नादी लागू नका, उस्ताद," अबू तन्नूस कुजबुजला. "इथली साहेब तीच. ती उठली की आम्ही सगळे कामाला लागतो."

उस्तादांनी हसू मिशीत दाबलं आणि गेल्या वर्षीच्या बरणीतला अरक काचेच्या नळकांड्यात ओतला. सासूबाई छातीठोकपणे म्हणाल्या, "त्रेपन्न टक्के." अरकाचा जोर मोजणारी काच एकोणपन्नासवर थांबली. अबू तन्नूसला सणच झाला.

"तुमची काच जह्लेहून आलीय," सासूबाई म्हणाल्या. "दमली असेल."

उस्ताद बसले, घाम पुसला. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा. खोली चांगली आहे. बटाटे मी पाहिलेच नाहीत. हंडा निवला की तार बांधून शिक्का मारतो, परवाना निघेल. पण आजपासून हा हंडा खोलीबाहेर जाणार नाही, आणि यात फक्त तुमचीच द्राक्षं पडतील."

उम्म तन्नूसच्या हातात सोललेला बटाटा तसाच.

"मारा शिक्का, उस्ताद," अबू तन्नूस म्हणाला. "आमचं काय! व्हिनेगर पिऊ. पोटाला बरं असतं."

मी मनात म्हणत होते, हो म्हणा, सासूबाई, एकदा तरी स्वतःसाठी हो म्हणा. त्यांनी ओघळलेली कणीक बोटानं जागेवर दाबली.

"हंडा जुनाच हवा, असं आहे का नियमात?"

"नाही."

"मग ह्याला शिक्का नको, हा घरोघरी फिरू दे. लिहा, भट्टी तयार नाही. पुढच्या हंगामाला या, नवी दाखवते."

"वर्ष जाईल, बाई."

"जाऊ दे."

"आणि नवी आणणार कुठून?"

सासूबाईंनी त्यांच्या हातात अंडं ठेवलं. उस्तादांनी अंडं खाल्लं, न पाहिलेले बटाटेही खाल्ले. बाटली मात्र घेईनात. "विकत घेतली तर तुमचा गुन्हा, फुकट घेतली तर माझा."

ते गेल्यावर सासूबाई अबू तन्नूसची द्राक्षं गाळत राहिल्या. लेक उठली, मी तिला पाजायला अंगणात बसले. तेवढ्यात उम्म तन्नूस आली, डोक्यावर लग्नातली तांब्याची कढई. ती पायरीशी ठेवून म्हणाली, "मोडीत घाल. तांबट जुनं तांबं घेऊन नवं घडवून देतो." तिच्या मागून वरच्या आळीतल्या दोघी बहिणी आल्या, एक परात आणि दोन कॉफीची भांडी घेऊन. संध्याकाळपर्यंत पायरीशी ढीग लागला.

अबू तन्नूसनं घंगाळ आदळलं. "घे. आता तुझी मोठी फॅक्टरी होणार. मग आम्हाला ओळख तरी दाखवशील ना?"

"हे पितळ आहे, अबू तन्नूस."

"असू दे. मनापासून दिलंय."

"तुझं मनही पितळेचंच." पण त्या खाली बसल्या होत्या आणि एकेक भांडं हातात तोलत होत्या, बाजारात खरबूज तोलतात तसं. लहान नाही, मधला हंडा होईल, टोपणालाही पुरेल. नळीचं तांबं मात्र कमी पडत होतं. त्यांनी मान वर करून आमच्या स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी लेकीला त्यांच्या मांडीवर दिलं आणि माझ्या माहेरची तांब्याची किटली आणायला आत गेले.